स्थलांतरितांची आर्थिक सुस्थिती : तुलनेच्या निकषांची चिकित्सा
(गलाई व्यावसायिक, ऊसतोड मजूर व माथाडी कामगार यांच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : स्थलांतर, आर्थिक सुस्थिती, गलाई, कोयता, उचल, माथाडी मंडळ

प्रस्तावना

स्थलांतरित समूहांच्या आर्थिक सुस्थितीची तुलना हा अर्थशास्त्र व समाजशास्त्र या दोन्ही ज्ञानशाखांत वारंवार हाताळला जाणारा विषय आहे. अशा तुलनेसाठी कडेगाव तालुक्यातील अभ्यासकाला दूर जावे लागत नाही. दिवाळीसाठी गावी आलेला गलाई व्यावसायिक सण आटोपून दक्षिणेकडील अथवा उत्तरेकडील एखाद्या शहरातील आपल्या दुकानाकडे परततो. नेमक्या त्याच दिवसांत बीड व लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या तालुक्याच्या ऊसपट्ट्यात उतरतात. एक स्थलांतर बाहेर जाणारे आहे, दुसरे आत येणारे आहे. पहिल्याकडे आपण कौतुकाने पाहतो, दुसऱ्याकडे फार तर कणवेने पाहतो. या दोन दृष्टींमागे एक न तपासलेले गृहीतक दडलेले आहे. ते असे की, ज्याची भरभराट झाली त्याच्या अंगी गुण होते आणि ज्याची झाली नाही त्याच्या अंगी ते नव्हते.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. स्थलांतरितांची सुस्थिती केवळ मिळकतीच्या आकड्यावरून अथवा समूहाच्या स्वभावगुणांवरून मोजता येत नाही. आगाऊ रक्कम कोणाकडून येते, मोबदला कोणाच्या हातून मिळतो आणि तोटा कोणाच्या माथी पडतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ती ठरते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. दोन स्थलांतरांची पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव हा सलग अवर्षणप्रवण पट्टा आहे. या पट्ट्यातील माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशभरातील सराफी पेठांत विखुरली आहेत. जुन्या दागिन्यांत तांब्या-चांदीची भेसळ असते. असे सोने मुशीत वितळवून त्यात सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी मिसळली जाते. नंतर नायट्रिक आम्लात चांदी व तांबे विरघळून सोने मागे उरते आणि आम्लातील चांदी तांब्याच्या पत्र्यावर पुन्हा मिळविली जाते. सराफी दुकानांतील झाडलोटीच्या धुळीतूनही सोन्याचे कण वेगळे काढले जातात. ही विद्या पुस्तकी नाही. ती नात्यातील दुकानात काही वर्षे राबून, पाहून व हात भाजून शिकली जाते.

ऊसतोडीचे स्थलांतर याहून वेगळे आहे. त्याचे एकक ‘कोयता’ हे असून कोयता म्हणजे पती-पत्नीची जोडी होय. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडून ती फेडावयाची आणि न फिटलेली रक्कम पुढील हंगामावर ओढावयाची, असा हा क्रम आहे.

ही दोन स्थलांतरे परस्परांपासून अलिप्त आहेत असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. गलाईतून आलेला पैसा या भागात घर, विहीर व पाइपलाइन यांत गुंतला. पुढे ताकारी व टेंभू या उपसा सिंचन योजनांमधून कृष्णेचे पाणी आले आणि जेथे ज्वारी-बाजरीच निघत असे तेथे ऊस उभा राहिला. धनी परमुलुखात असलेल्या शेतातील ऊसही बीडहून आलेली जोडी तोडते. म्हणजेच एका स्थलांतरिताच्या सुस्थितीचा काही अंश दुसऱ्या स्थलांतरिताच्या श्रमावर उभा आहे. दोन्ही समूहांना स्वतंत्र रकान्यांत मांडणाऱ्या तुलनेत हा धागा हमखास सुटतो.

२. उत्पन्न या निकषाच्या मर्यादा

महाविद्यालयीन स्तरावरील लघुप्रकल्पांत आर्थिक सुस्थिती मोजताना मासिक उत्पन्न, घराचा प्रकार, वाहन व जमीन असे रकाने ठरलेले असतात. प्रस्तुत लेखकानेही अशा प्रश्नावल्या वापरल्या आहेत. त्यांतील पहिली अडचण एककाची आहे. एक कोयता दिवसाला साधारणतः दोन टन ऊस तोडतो असे मानले जाते. हिशेबाच्या सोयीसाठी टनाला ३५० रुपये दर धरला, तर कोयत्याची दिवसाची मिळकत ७०० रुपये होते. प्रश्नावलीत हा आकडा ‘कुटुंबप्रमुखाचे उत्पन्न’ म्हणून नोंदला जातो. वस्तुतः ती दोन माणसांची मजुरी आहे. पहाटेपासून मोळ्या वाहनात भरेपर्यंतचे बारा तास मोजले, तर माणशी तासाला तीस रुपयेही पडत नाहीत. पाचट गोळा करणारी, धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी तर कोणत्याच रकान्यात येत नाही.

दुसरी अडचण गणनेची आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४व्या फेरीत (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतरिताची व्याख्या करताना एक महिना वा अधिक, परंतु सहा महिन्यांहून कमी काळ रोजगारासाठी बाहेर राहिलेली व्यक्ती असा निकष होता. हंगाम लांबला की ऊसतोड मजूर या व्याख्येच्या काठावर येतो. २०११ची जनगणना फेब्रुवारीत, म्हणजे ऐन तोडणीच्या काळात झाली. जो समूह धड मोजलाच जात नाही, त्याच्या सुस्थितीची सरासरी कशाची काढावयाची, हा प्रश्न उरतोच.

तिसरी व अधिक गंभीर अडचण अशी की, उत्पन्नाचा आकडा त्याची किंमत सांगत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये पुढे आला. त्यासंदर्भात नेमलेल्या शासकीय समितीसमोर ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. कामावर एक दिवस न गेल्यास ‘खाडा’ धरून दंड कापला जात असेल, तर पाळी व आजारपण हेही तोट्याचे बाब ठरते. तो तोटा टाळण्यासाठी शरीराचा अवयव गमवावा लागणे ही मिळकतीतून वजा करावयाची कोणती रक्कम आहे, याचे उत्तर आपल्या प्रश्नावलीत नाही. अमर्त्य सेन यांनी उत्पन्नाऐवजी माणसाच्या क्षमतांचा व निवडीच्या स्वातंत्र्याचा विचार करण्याचा आग्रह धरला. त्याचा अर्थ येथे ठसठशीतपणे कळतो.

३. गुणवादी स्पष्टीकरणाची चिकित्सा

गलाई व्यावसायिकांच्या यशाचे श्रेय सामान्यतः त्यांच्या धाडसाला, काटकसरीला व कष्टाळूपणाला दिले जाते. हे गुण त्यांच्यात आहेत, यात शंका नाही. प्रश्न असा की, पहाटे थंडीत उसाच्या फडात उतरणारी जोडी कष्टाळू नाही काय? घरदार कुलूपबंद करून शेकडो किलोमीटर अंतरावर पालात संसार मांडणे हे धाडस नव्हे काय?

या संदर्भात अमेरिकेतील एक वाद उद्बोधक आहे. जमैका व इतर वेस्ट इंडीज बेटांतून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीयांची आर्थिक स्थिती तेथील मूळच्या कृष्णवर्णीयांहून बरी असल्याचे दाखवून थॉमस सोवेल यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे श्रेय त्यांच्या सांस्कृतिक वारशाला दिले. सुझान मॉडेल यांनी २००८च्या ग्रंथात या मताची कसून तपासणी केली आणि स्थलांतर करणाऱ्यांची निवड हे त्यामागील मुख्य कारण असल्याचे प्रतिपादन केले. जे निघतात ते मूळ समाजाचा सरासरी नमुना नसतात. शिवाय ब्रिटनमध्ये गेलेल्या वेस्ट इंडियनांचे चित्र तितके उजळ दिसत नाही. मूळ समाज तोच असून देश बदलल्यावर फळ बदलत असेल, तर कारण केवळ समाजाच्या संस्कृतीत असू शकत नाही.

हाच पडताळा आपल्या परिसरातही मिळतो. ज्या गावांतून माणसे गलाईसाठी गेली, त्याच परिसरातून मुंबईच्या कापडगिरण्यांतही गेली. जात तीच, माती तीच, दुष्काळही तोच. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणी कामगारांपैकी अनेकांना रिकाम्या हाताने गावी परतावे लागले. गुण हेच कारण मानले, तर एकाच गावातील दोन स्थलांतरितांच्या नशिबातील या तफावतीचा उलगडा होत नाही.

गलाईच्या बाबतीत निर्णायक ठरली ती वेगळीच गोष्ट. नवख्या मुलाला लागणारी उमेदवारी, निवारा, पहिले भांडवल आणि पेठेतील पत हे सारे नातेसंबंधांच्या जाळ्यातून मिळाले. तेथेही आगाऊ रक्कम होती, कर्जही होते. मात्र ते फेडल्यानंतर स्वतःचे दुकान टाकण्याची वाट मोकळी होती. ऊसतोडीतील उचल फेडल्यानंतर पुढील उचलीखेरीज दुसरी वाट नसते. एक कर्ज शिडीसारखे आहे, दुसरे खुंट्यासारखे आहे.

४. गलाईच्या सुस्थितीची दुसरी बाजू

येथे गलाई व्यावसायिकांच्या सुस्थितीचे चित्रही तपासून घेणे आवश्यक आहे. बॅरी चिझविक यांनी १९७८मध्ये अमेरिकेतील स्थलांतरितांची मिळकत दहा-पंधरा वर्षांत स्थानिकांच्या पुढे जाते असे दाखविले होते. जॉर्ज बोर्हास यांनी १९८५मध्ये त्यावर आक्षेप घेतला. एकाच वेळी घेतलेल्या पाहणीत वेगवेगळ्या काळी आलेले गट परस्परांत मिसळले जातात आणि अपयशी होऊन परत गेलेले मोजलेच जात नाहीत, असे त्याचे सार होते. आपल्या गावातील बंगला पाहून गलाईची सुस्थिती ठरविणे हा याच जातीचा दोष आहे. ज्याचे दुकान चालले त्याचा बंगला दिसतो. ज्याचे बुडाले, जो वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या भट्टीवर पगारी राहिला, तो दिसत नाही. नायट्रिक आम्लाच्या तांबूस धुरात दाटीच्या खोलीत घालविलेली वर्षेही बंगल्याच्या भिंतीवर उमटत नाहीत.

हा व्यवसाय धोरणाच्या वाऱ्यावरही सदैव हेलकावत आला. १९६३चे सुवर्ण नियंत्रण नियम, १९६८चा कायदा व १९९०मधील त्याचे निरसन, नोव्हेंबर २०१६ची नोटाबंदी, जुलै २०१७चा वस्तू व सेवा कर आणि जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्किंग या प्रत्येक टप्प्यावर सराफी पेठेचे गणित बदलले. रोखीवर व विश्वासावर चालणाऱ्या लहान दुकानदाराला असा बदल पचविणे अवघड जाते. त्यातच चोरीचा माल घेतल्याचा संशय ही या व्यवसायाची कायमची धास्ती आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ची (जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ची) भीती परक्या भाषेच्या मुलुखात अधिकच गडद होते. वितळलेले सोने स्वतःचा पूर्वेतिहास सांगू शकत नाही. त्यामुळे निर्दोष माणसालाही आपली बाजू मांडणे कठीण जाते. तेव्हा ही सुस्थिती खरी असली, तरी ती सुरक्षित आहे असे म्हणता येणार नाही.

५. तुलनेतील तिसरा समूह : माथाडी कामगार

वरील विवेचनावरून कौशल्य व नात्याचे जाळे असेल तरच स्थलांतरिताचे भले होते, असा निष्कर्ष कोणी काढील. तो अपुरा आहे, हे माथाडी कामगारांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. सातारा-सांगली भागातून मुंबईला जाऊन पाठीवर ओझे वाहणाऱ्या या कामगारांपाशी ना भांडवल होते, ना बाजारात दुर्मीळ असलेले कौशल्य. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले आणि १९६९मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम संमत झाला. या कायद्याचे मर्म असे की, कामगार व मालक या दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होते. मजुरी मंडळामार्फत दिली जाते आणि मजुरीवरील आकारणीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, वैद्यकीय मदत अशा सोयी उभ्या राहतात. ओझे तेच राहिले, फक्त मजुरीची वाट बदलली.

ऊसतोडीत ही वाट मुकादमाच्या दारातून जाते. कारखान्याचा करार सहसा तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी असतो. कारखान्याला ऊस मिळतो, पण मजुराचा मालक कोण, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. १९७९चा स्थलांतरित कामगार कायदा आंतरराज्य स्थलांतरासाठीच होता. बीडहून सांगलीला येणारा मजूर राज्याची सीमा ओलांडत नसल्याने त्याच्या कक्षेबाहेर राहिला. शासनाने २०१९मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचा निर्णय घेतला. २०२१मध्ये मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. जानेवारी २०२४मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. ही पावले स्वागतार्ह होत. परंतु कल्याण आणि दर यांच्या पलीकडे मालकाचे दायित्व निश्चित करण्याचा जो गाभा माथाडी कायद्यात आहे, तो येथे अद्याप आलेला नाही. मुकादमाच्या वहीतील उचलीचा हिशेब जोवर मजुराला दिसत नाही, तोवर दरवाढीतील किती रुपये त्याच्या पदरात पडले हे सांगता येणार नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, दोन स्थलांतरित समूहांची तुलना ही त्या समूहांची परीक्षा नसते. ज्या अटींवर ते घराबाहेर पडले त्या अटींची ती परीक्षा असते. गलाई व्यावसायिकाला आगाऊ रक्कम नात्यातून मिळाली, माथाडीला मजुरी मंडळातून मिळाली आणि ऊसतोड मजुराला या दोन्ही गोष्टी मुकादमाकडून मिळाल्या. तोटा मात्र गलाईत बहुधा दुकानदाराच्या, माथाडीत अंशतः मंडळाच्या आणि ऊसतोडीत संपूर्णपणे कोयत्याच्या वाट्याला आला. तिघांच्याही घामात फरक नव्हता.

यातून आपल्या अध्यापन-संशोधनासाठी एक साधी सूचना करावीशी वाटते. विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटीच्या प्रश्नावलीत ‘घर पक्के की कच्चे’ या प्रश्नाच्या अगोदर ‘उचल कोणाकडून, किती आणि त्याचा हिशेब कोणाकडे’ हा प्रश्न असावा. ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्याच्या जागी काम करणाऱ्या प्रत्येक हाताची स्वतंत्र नोंद असावी. गलाई कुटुंबाकडे जाताना यशस्वी दुकानदारासोबत परत आलेल्या माणसाचाही शोध घ्यावा. आपल्या वर्गात गलाई व्यावसायिकाची मुले बसतात. ऊसतोड मजुराची मुले महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावरील फडात असूनही वर्गाच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचतात. सुस्थितीची तुलना कोठून सुरू करावी, हे सांगण्यास एवढी एक नोंद पुरेशी आहे.