श्रद्धांजलीचा स्टिकर

आमच्या शाळेच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरणारा स्टिकर म्हणजे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. कुणाचं लग्न ठरलं, टाक श्रद्धांजली. कुणाचा मोबाइल बादलीत पडला, श्रद्धांजली. गेल्या वर्षी एकाचे वडील गेले. त्याने सकाळी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या आणि खाली पहिला आला तो हसून लोळणारा चेहरा. पाठवणाऱ्याला वाटलं, नेहमीचंच काहीतरी. त्याने लगेच तो पुसला, माफी मागितली. पण नंतर अर्धा तास कुणी काही लिहीना. अशा वेळी जो शब्द लिहायचा, तो आम्ही आधीच खर्चून बसलो होतो. मी शेवटी फोन केला.

याचं खापर थट्टेवर फोडणं सोपं आहे, पण खरं नाही. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’त रविकिरण मंडळाच्या कवींची जी रेवडी उडवली, ती वाचताना आजही हसू आवरत नाही. त्याच अत्र्यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ काढला आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलं. साने गुरुजींच्या हळवेपणाचं विडंबन करायला या माणसाला एक संध्याकाळ पुरली असती. ते न करता त्याने हा हळवेपणा जसाच्या तसा पडद्यावर आणला. मला वाटतं, ही दोन्ही कामं एकाच कानाची आहेत. विडंबन करायचं तर मूळ कविता वृत्तासकट पाठ लागते आणि पाठ करता करता कळतं, उसासा कुठे बेतलेला आहे आणि हुंदका कुठे खरा. पुलंची ‘बटाट्याची चाळ’ही पानोपानी टवाळी करते आणि शेवटच्या ‘चिंतना’त ओली होते.

आता टिंगलीला मूळ माहीत असण्याची गरज उरलेली नाही. ‘माहेरची साडी’ १९९१चा. आज विशीतल्या पोरांना अलका कुबल म्हणजे रडणं, एवढंच ठाऊक असतं. ज्या सिनेमावरून ते आलं, तो पाहिलेला नसतो. मागच्या दिवाळीत टीव्हीवर तो लागला, तेव्हा माझ्या भाच्याने विचारलं, “हे खरंच सिरियसली बनवलंय?” मावशी म्हणाली, “तू गप बस, मला बघू दे.” सिनेमा म्हणून तो ढोबळच आहे, यात वाद नाही. पण माहेर तुटलेल्या बायका तेव्हा थिएटरात पदराने डोळे पुसत होत्या, त्या पडद्यावरच्या एकीसाठी नव्हे. घरी ज्या रडण्याला जागा नव्हती, ते इथे अंधारात उरकून घेत होत्या. थोड्या वेळाने पाहिलं तर पोराने मोबाइल पालथा ठेवलेला. “आवडला का रे?” “छे, टाइमपास.”

हे ‘टाइमपास’ म्हणजे आजचं चिलखत. आवडलं म्हटलं की माणूस उघडा पडतो. ‘चला हवा येऊ द्या’ने हे नेमकं ओळखलं होतं. आलेल्या प्रत्येक सिनेमाची त्याच्याच कलाकारांसमोर खिल्ली उडवायची आणि अधेमधे पोस्टमन बनलेल्या सागर कारंडेने अरविंद जगताप यांचं पत्र वाचायचं. पत्र सुरू झालं की सोफ्यावरचे पाहुणे डोळे टिपायला लागायचे. पत्रं चांगली असत, क्वचित अतिगोडही. पण भावनेला असा ठरावीक खण द्यावा लागणं, म्हणजे आता रडायला हरकत नाही अशी पाटीच लावणं. २०२३ साली सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा केला, तोही कृष्णधवल. सिनेमा नीटस आहे, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला मात्र पाहताना शंका येत राहिली, की हा रंग नसणंही एक पाटीच आहे: हे जुनं आहे, हसू नका. रंगीत श्याम आज कुणाला पेलला असता का?

दुसऱ्या बाजूला नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’. हा माणूस कसलीच पाटी लावत नाही. जब्याचं घर डुकराच्या मागे धावतंय आणि गाव करमणूक म्हणून बघतंय, दात काढतंय. तिथे लक्षात येतं, की टिंगल परवडते ती बघणाऱ्याला. ज्याच्या हातात फास आहे, त्याला नाही. जब्या त्या हसणाऱ्यांवर दगड भिरकावतो आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. मी पाहिला त्या खेळाला मागच्या रांगेत कॉलेजची पोरं होती, सुरुवातीपासून शेरे मारत होती. पडदा काळा झाल्यावर त्यातल्या एकाने शिट्टी घातली. ती अर्ध्यावरच थांबली.