शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ आणि इस्लामी प्रार्थना

कल्याणच्या जुन्या वस्तींत सायंकाळीं मगरिबची बांग होते, आणि त्याच सुमारास शेजारच्या आळींतील मुलें देवापुढें शुभंकरोति म्हणत असतात. कल्याण, भिवंडी व ठाणें या टापूंत कोंकणी मुसलमानांची वस्ती कित्येक शतकांची आहे. बाजारांत, शाळेंत, आगगाडींत त्यांचा आपला रोजचा संबंध येतो. तरी त्या बांगेनंतर मशिदींत जें घडतें त्याचें स्वरूप काय, याची जिज्ञासा आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून क्वचितच आढळते. ती तृप्त करण्यास अरबी-फारसीच शिकली पाहिजे असें नाहीं. मराठींतच, ओवी छंदांत, एका मुसलमान साधकानें आपल्या अंतरींची झुंज सांगून ठेविली आहे. तो ग्रंथ म्हणजे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’.

या ग्रंथाविषयीं ठाणेकरांस तर विशेष आस्था वाटावी. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे हे ठाण्याचे. १८९३ सालीं तेथें मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें तें त्यांच्या पुढाकारानें, आणि जुन्या मराठी कवींचें वाङ्मय उजेडांत आणण्यासाठीं त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. तेंच कार्य पुढें इतरांनीं चालविलें. वा. सी. बेंद्रे यांनीं १९५९ सालीं ‘योगसंग्राम’ व १९६१ सालीं शेख महंमदांचा कवितासंग्रह संपादन करून प्रसिद्ध केला, आणि रा. चिं. ढेरे यांनीं १९६७ सालीं ‘मुसलमान मराठी संतकवी’ हें पुस्तक लिहिलें. तेव्हां ग्रंथ हातीं लागत नाहीं म्हणून वाचला नाहीं, ही सबब फार दिवसांपूर्वींच संपली आहे.

तो वाचावयाचा कसा, हा मात्र प्रश्न उरतो. १६४५ सालीं पूर्ण झालेल्या या ग्रंथाचे अठरा प्रसंग आहेत. ओवी ज्ञानेश्वरीच्या वळणाची, परिभाषा योगाची, भाव भक्तीचा. हें पाहून आपण सहज म्हणून जातों कीं, ‘मुसलमान असूनही केवढा हा भक्त!’ स्तुति प्रामाणिक आहे. परंतु त्या ‘असूनही’ या एका शब्दानें कवीचा धर्म ही त्याच्या भक्तीच्या आड येणारी एक अडचण ठरते, आणि ती त्यानें ओलांडली म्हणून आपण त्याचें कौतुक करूं लागतों. माझें म्हणणें याच्या उलट आहे. ‘योगसंग्रामां’त जें बळ आहे त्याचा मोठा वांटा इस्लामी प्रार्थना आणि चिंतन यांकडून आलेला आहे, तो ओळखल्याविना ग्रंथाचें मर्म हातीं येत नाहीं.

इस्लामांतील नित्य प्रार्थनेचें स्वरूप प्रथम पाहूं. दिवसाच्या पांच नमाजांत मिळून सतरा रकअती अवश्य मानल्या आहेत, आणि प्रत्येक रकअतींत कुराणाचा पहिला अध्याय, सात आयतींचा ‘फातिहा’, येतो. म्हणजे एकच प्रार्थना दिवसांतून निदान सतरा वेळां झाली. तींत ईश्वराची स्तुति आहे, अखेरच्या निवाड्याचें स्मरण आहे, आणि त्याचें साहाय्य याचून जें मागितलें आहे तें इतकेंच कीं, आम्हांस सरळ मार्ग दाखव. धनधान्य, संतति, आरोग्य यांचा तेथें उच्चार नाहीं. तीं मागण्यास ‘दुआ’ मोकळी आहे. नमाजाचा गाभा मात्र आपली दिशा पुन्हां पुन्हां तपासून पाहण्याचा आहे. दुकानांत, शेतांत, कचेरींत गुंतलेलें मन पांच वेळां उचलून ठिकाणावर आणावयाचें, यांतच या प्रार्थनेचें सामर्थ्य आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, इतक्या वेळां म्हटलेले शब्द निर्जीव होणारच. हा धोका मुसलमान विचारवंतांसही ठाऊक होता. इ. स. ११११ मध्यें वारलेल्या इमाम गझालींच्या ‘इह्या’ ग्रंथाचे चाळीस भाग आहेत. त्यांतील चौथा नमाजाच्या रहस्यांवर आहे, एकोणचाळिसावा चिंतनावर, आणि अखेरचा मृत्यूवर. प्रार्थनेपासून निघालेल्या साधकानें मरणापूर्वीं चिंतनापर्यंत पोंचलें पाहिजे, असाच त्या मांडणीचा अर्थ मला दिसतो. आपल्या किनाऱ्यावरील माहीमचे मखदूम अली (१३७२–१४३१) यांनीं कुराणावर अरबी भाष्य लिहिलें. अध्यायारंभीं येणारें ‘बिस्मिल्ला’ त्यांनीं त्या त्या अध्यायाच्या विषयास अनुसरून दर वेळीं निराळें उलगडलें आहे. शब्द तेच, अर्थ मात्र दर खेपेस नव्यानें पाहावयाचा. जिक्र म्हणजे स्मरण आणि फिक्र म्हणजे चिंतन. पहिल्यास दुसऱ्याची जोड हवी, हा सूफींच्या साधनेचा मुख्य धडा आहे.

आतां ‘योगसंग्रामा’कडे वळूं. येथें जीव हा घोड्यावर स्वार झालेला वीर आहे, आणि त्याचें वैर आहे अहंकाराशीं व विकारांशीं. आपल्या वाचकास येथें गीतेची आठवण होते, आणि अठरा प्रसंगांनीं ती बळावते. ती आठवण खोटी नव्हे. परंतु स्वतःच्या ‘नफ्सा’शीं, म्हणजे हांवऱ्या अहंभावाशीं, करावयाच्या युद्धास सूफी परंपरेंत श्रेष्ठ ‘जिहाद’ म्हटलें आहे, हेंही त्याच वेळीं आठवलें पाहिजे. कवीचे गुरु चांद बोधले हे सूफी. एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी हेही त्यांचेच शिष्य, असें परंपरा सांगते. योगाची परिभाषा घेणें म्हणजे इस्लाम सोडणें, असेंही या मंडळीस वाटत नव्हतें. ग्वाल्हेरचे महंमद गौस यांनीं सोळाव्या शतकांत योगसाधनेवरील ग्रंथ ‘बहर-उल-हयात’ या नांवानें फारसींत आणला होता.

‘योगसंग्राम’ हें निर्दोष काव्य आहे असें मात्र मी म्हणणार नाहीं. रूपकांची गर्दी होते, प्रसंग लांबतात, ज्ञानेश्वरीची प्रसन्नता येथें नाहीं. एकदां जिंकलेले शत्रु पुन्हां उभे राहतात आणि वाचक कंटाळतो. पण हा शेवटचा दोष मला दुसऱ्या वाचनांत तितका दोष वाटला नाहीं. सकाळीं जिंकलेला क्रोध दुपारीं पुन्हां दाराशीं उभा असतो, हा कोणत्याही प्रार्थना करणाऱ्या माणसाचा अनुभव आहे. म्हणून तर नमाज एकदांच करून भागत नाहीं. कथेच्या दृष्टीनें जी पुनरुक्ति, ती साधनेच्या दृष्टीनें सत्यकथन ठरते.

उलट बाजूनेंही अतिरेक होऊं नये. शेख महंमदांस केवळ सूफी ठरवून त्यांची विठ्ठलभक्ति उसनी म्हणणें हाही अन्यायच होईल. पोकळ कर्मठपणावर त्यांनीं प्रहार केले ते मुल्ला व ब्राह्मण दोघांवरही. परंतु पोकळ नमाजावर प्रहार करणारा नमाजाचा शत्रु नसतो. ती भरीव असावी असा त्याचा आग्रह असतो. आपल्या संतांनीं नामाचा बाजार मांडणारांस फटकारलें, म्हणून ते नामाचे वैरी झाले काय?

श्रीगोंद्यास त्यांच्या समाधीशीं दोन्ही धर्मांचे लोक येतात. ते एकाच माणसापुढें नमतात, परंतु बहुधा त्याचा अर्धाअर्धा भागच ओळखतात. वाचकांस माझी विनंती इतकीच कीं, ‘योगसंग्रामा’चा एखादा प्रसंग घरांत मोठ्यानें वाचावा, आणि वाचतांना तो ‘असूनही’ बाजूस ठेवावा. शेजारच्या मशिदींतील बांग मग नुसती वेळ कळविणार नाहीं; सतरा वेळां सरळ वाट मागणाऱ्या माणसांचा शेजार आपणांस लाभला आहे, याची ती आठवण देईल.