टिपणे आणि टिपण : कोल्हापूर परिसरातील हौशी वन्यजीव-छायाचित्रणाचा समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साजऱ्या होणाऱ्या वन्यजीव सप्ताहाच्या निमित्ताने महाविद्यालयांतून आणि कलादालनांतून निसर्गविषयक छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. कोल्हापूरला या छंदासाठी फार दूर जावे लागत नाही. पश्चिमेला राधानगरी-दाजीपूरचे जंगल, वायव्येला पन्हाळ्याजवळचे मसाई पठार आणि नैर्ऋत्येला आंबोलीचा घाट अशी संपन्न क्षेत्रे एका दिवसाच्या प्रवासात गाठता येतात. डिजिटल कॅमेरा आवाक्यात आल्यापासून शिक्षक, डॉक्टर, व्यापारी आणि विद्यार्थी अशा सर्व थरांतील हौशी छायाचित्रकार या वाटेला लागले आहेत. त्यांच्या कामाचे कौतुक होते. मात्र त्याची समीक्षा क्वचितच होते. चित्र किती सुस्पष्ट आहे, प्राणी किती दुर्मीळ आहे आणि छायाचित्रकाराने किती कष्ट घेतले, या तीन प्रश्नांपुढे चर्चा सहसा जात नाही. ही छायाचित्रे नेमके काय दाखवतात आणि काय वगळतात, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मराठीतील ‘टिपणे’ हे क्रियापद या विचारासाठी उपयुक्त आहे. शिकारी सावज टिपतो आणि छायाचित्रकार दृश्य टिपतो. पाखरू दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो आणि अभ्यासक ऐकलेले, पाहिलेले टिपून ठेवतो; त्याच धातूपासून ‘टिपण’ हे नाम आपण वापरतो. एकाच शब्दात वेध, शोषण आणि नोंद हे तिन्ही अर्थ नांदतात. हौशी वन्यजीव-छायाचित्रण यांपैकी कोणत्या अर्थाकडे झुकते, यावर त्याचे कलामूल्य आणि त्याचे नैतिक मूल्य या दोहोंचा निर्णय अवलंबून आहे.

शिकारीचा वारसा

कोल्हापुरात वन्यप्राणी आणि प्रतिमा यांचे नाते जुने आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार केली जाई, आणि संस्थानी काळात आफ्रिकेतूनही चित्ते आणले गेले. नवीन राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी आणि शिकारीची छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. या छायाचित्रांची रचना ठरावीक आहे. प्राणी मध्यभागी असतो, शिकारी त्याच्याजवळ असतो आणि मागचे रान केवळ पडदा म्हणून उरते. पराक्रमाचा पुरावा हेच तेथे प्रतिमेचे प्रयोजन आहे.

दाजीपूरचे जंगलही कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले, १९८५ साली त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी वन्यजीव अभयारण्य अस्तित्वात आले आणि २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. मध्यंतरी १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीला मूलतः प्रतिबंध केला. बंदूक गेली आणि तिच्या जागी कॅमेरा आला, असे या इतिहासाचे सुटसुटीत वर्णन करता येईल. सुझन सोन्टॅग यांनी ‘ऑन फोटोग्राफी’ (१९७७) या ग्रंथात सफारीच्या संदर्भात बंदुकीच्या जागी आलेल्या कॅमेऱ्याची उपरोधाने दखल घेतली आहे. मात्र हत्यार बदलल्याने दृष्टी बदलतेच असे नाही, हे कोल्हापूर परिसरातील चित्रांकडे पाहताना प्रकर्षाने जाणवते.

कोल्हापूरला दुसराही वारसा आहे. आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर पुनःपुन्हा रंगवला. प्रहर बदलला, ऋतू बदलला की तेच पाणी वेगळे दिसते, हा त्या निसर्गचित्रांचा खरा विषय आहे. एका जागी परत परत जाणे हीच तेथे साधना आहे. हौशी छायाचित्रकाराने या दोन वारशांपैकी शिकारचित्राचा वारसा नकळत स्वीकारला आणि निसर्गचित्राचा वारसा बाजूला ठेवला, असे म्हणावे लागते.

चौकटीबाहेर राहिलेले रान

हौशी वन्यजीव-छायाचित्राचा आजचा रूढ साचा पुढीलप्रमाणे सांगता येईल : दूरवेधी लेन्सने जवळ आणलेला एकच प्राणी, कॅमेऱ्याकडे वळलेली नजर, डोळ्यावर प्रकाशाचा ठिपका आणि मागे पूर्णपणे धूसर झालेली पार्श्वभूमी. सपाट, उघड्या प्रदेशात या साच्याने फारसे नुकसान होत नाही. सह्याद्रीच्या दाट, दमट जंगलात मात्र तो विषयालाच मारक ठरतो. उष्ण प्रदेशातील अरण्याचे सत्य गर्दीत आहे. अंजनी-जांभळाची दाट सावली, वेलींचा गुंता, धुके, पावसाची धार आणि अर्धवट दिसणारे जनावर हाच तेथील अनुभव होय. सावराई सड्याच्या कडेला संध्याकाळी दिसणारा गवा हा प्रथम झाडीतली एक काळी हालचाल असतो. पांढरे मोजे घातल्यासारखे पाय नंतर दिसतात. प्रदर्शनातील गवा मात्र कोणत्याही जंगलातला, किंबहुना प्राणिसंग्रहालयातलाही असू शकतो.

पठारांवरील फुलांच्या बाबतीत ही उणीव अधिक स्पष्ट होते. पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यांवर ‘सीतेची आसवे’ ही नाजूक निळी-जांभळी फुले फुलतात आणि त्यांची निकटचित्रे प्रत्येक प्रदर्शनात असतात. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. जांभ्यावरील मातीचा थर अत्यंत पातळ आणि पोषकद्रव्यांनी दरिद्री असल्यामुळे ती सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून आपली गरज भागवते. म्हणजे ते फूल तसे का आहे, याचे उत्तर त्याच्या पायाखालच्या खडकात आहे. पार्श्वभूमी पुसून टाकणारे निकटचित्र फूल ठेवते आणि त्याचे कारण काढून टाकते.

आंबोलीत आढळणाऱ्या मलबारी उडत्या बेडकाचेही असेच होते. पाण्यावर झुकलेल्या पानांवर तो फेसाचे घरटे करतो आणि पिल्ले त्यातून खालच्या पाण्यात पडतात. पान आणि पाणी यांतील अंतर हा त्याच्या जीवनक्रमाचा कणा आहे. फ्लॅशच्या उजेडात, काळ्या पार्श्वभूमीवर घेतलेल्या चित्रात हिरवा रंग आणि तांबडे पडदे झळाळतात. पाणी कोठेच नसते.

जवळ जाण्याची किंमत

साचा हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न राहत नाही. ठरावीक चित्र हवे असले की ते मिळवण्याचे मार्गही ठरून जातात. बेडूक उचलून सोयीच्या पानावर ठेवला जातो, घरट्यासमोरची डहाळी वाकवली जाते, आमिष मांडले जाते. येथे कायद्याची भाषा लक्षणीय आहे. १९७२ च्या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत केवळ ठार मारणे नाही. प्राण्याला हाकणे, आमिष दाखवणे आणि पक्ष्यांची वा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी व घरटी विस्कळीत करणे यांचाही समावेश आहे. छायाचित्रण हे अभयारण्यात प्रवेशाच्या परवानगीचे एक मान्य प्रयोजन आहे. पण छायाचित्रासाठी केलेला हाका हा कायद्याच्या लेखीही हाकाच ठरतो.

स्पर्धांच्या जगातही याचे पडसाद उमटले आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव-छायाचित्रण स्पर्धेत २०१७ साली गौरवलेले ब्राझीलमधील मुंगीखाऊचे चित्र, त्यातील प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाल्याने २०१८ साली बाद करण्यात आले. छायाचित्रकाराने तो आरोप नाकारला. या प्रकरणातून निघणारा प्रश्न व्यक्तीपुरता नाही. पेंढा भरलेला प्राणी जिवंत म्हणून परीक्षकांच्या नजरेतून सुटू शकतो, याचा अर्थ परीक्षकांची अपेक्षाच एका निश्चल, सुघड मूर्तीची झाली आहे.

या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सुंदर निकटचित्रांमुळेच सामान्य माणसाच्या मनात निसर्गाविषयी प्रेम निर्माण होते. शिवाय प्रजाती ओळखण्यासाठी निकटचित्र आवश्यकच असते. यातील दुसरा भाग पूर्णतः मान्य केला पाहिजे. पहिल्या भागाविषयी मात्र अलीकडच्या घटना सावध करतात. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात शिरलेला गवा गर्दीच्या आणि पाठलागाच्या ताणानंतर, पकडला गेल्यावर मरण पावला. त्या गर्दीत मोबाईल उंचावलेले हातही होते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. प्राण्याविषयीचे आकर्षण तेथे कमी नव्हते. अंतराची जाण नव्हती. पार्श्वभूमी पुसलेली चित्रे पाहून वाढलेल्या नजरेला प्राण्याभोवतीचा अवकाश दिसत नाही, असे अनुमान येथे करता येते.

टिपणाची शक्यता

वन्यजीव-छायाचित्रणात वेधाखेरीज दुसरी वाटही प्रारंभापासून आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात, प्राण्याच्याच पावलाने तार ओढली जाऊन चित्र उमटेल अशी योजना केली. स्वयंचलित कॅमेरे हे त्याच पद्धतीचे वारसदार आहेत. २०१० साली स्थापन झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात २०१८ साली अशाच कॅमेऱ्यात वाघाची प्रतिमा मिळाली. अशा प्रतिमा रचनेच्या दृष्टीने बहुधा ओबडधोबड असतात. परंतु त्यांच्यासोबत दिनांक, वेळ आणि स्थान असते, आणि पट्ट्यांच्या रचनेवरून तो वाघ पुन्हा ओळखता येतो. टिपण या संज्ञेला त्या पात्र ठरतात.

हौशी छायाचित्रकाराकडे यंत्राला नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे परिसराशी असलेले आयुष्यभराचे नाते. एकच सडा सलग दहा पावसाळे पाहणे त्याला शक्य आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील काही पठारांवर बॉक्साइटचे खाणकाम झाले आहे. सडा हा ओसाड कातळ समजला जातो, म्हणून त्याचे खोदकाम कोणाला सलत नाही. अशा वेळी फुलाचे निकटचित्र फारसे बोलत नाही. तोच सडा जूनमध्ये काळा, ऑगस्टमध्ये हिरवा, सप्टेंबरमध्ये रंगीत आणि मार्चमध्ये कोरडा दाखवणारी, तारखांसह ठेवलेली चित्रमालिका मात्र साक्ष देते.

येथे एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. दुर्मीळ जीवाचे नेमके ठिकाण जाहीर करणे म्हणजे गर्दीला निमंत्रण देणे होय. आंबोलीत सापडणारा आणि २००९ साली शास्त्रीय वर्णन झालेला पट्टेरी भेक अतिसंकटग्रस्त मानला जातो. पावसाळ्याच्या आरंभी कातळावरील उथळ डबक्यांत त्याची वीण होते, आणि तेथे एक बेफिकीर पाऊलही घातक ठरते. तेव्हा टिपण अभ्यासकांसाठी तपशीलवार आणि जाहीर प्रदर्शनासाठी संयत असावे, हा विवेक आवश्यक आहे.

समारोप

हौशी वन्यजीव-छायाचित्रणाचे मूल्यमापन सुस्पष्टता आणि दुर्मिळता या निकषांवर थांबवणे पुरेसे नाही. चित्रात जागा किती उरली आहे आणि ते चित्र मिळवताना जिवाला काय सोसावे लागले, हे दोन निकष त्यांत जोडणे क्रमप्राप्त आहे. महाविद्यालयीन स्पर्धांतून याचा आरंभ सहज होऊ शकतो. प्रत्येक चित्रासोबत दिनांक, अधिवास, अंदाजे अंतर आणि चित्र घेण्याची पद्धत सांगणारे चार ओळींचे टिपण बंधनकारक करावे. घरट्यावरील आणि हाताळलेल्या प्राण्यांची चित्रे स्वीकारू नयेत. एका जागेच्या वर्षभराच्या चित्रमालिकेसाठी स्वतंत्र विभाग ठेवावा. चार ओळी लिहिण्यासाठी विद्यार्थ्याला सड्यावर थोडा अधिक वेळ थांबावे लागेल, आणि त्या वेळात कॅमेरा गळ्यात लटकलेलाच राहील. तो वेळही या कलेच्या शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.