चुरस खेळाची कीं तिजोरीची ?

कुस्तीच्या फडांत जोड लावणाऱ्या जाणत्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पहिलवान कितीहि नामांकित असला, तरी त्याच्यासमोर तोलाचा गडी उभा केल्याशिवाय फड रंगत नाहीं. एकतर्फी कुस्ती चटकन निकालीं निघते, इनामहि दिलें जातें. पण भोंवतीं बसलेला प्रेक्षक फसवणूक झाल्यासारखा घरीं जातो. निकाल आधींच ठाऊक असलेली लढत पाहण्यासाठीं कोणी दहा कोस चालून येत नाहीं.

हें जुनें शहाणपण आज अतिशय धनाढ्य झालेल्या एका खेळाला, म्हणजे इंग्लंडांतील धंदेवाईक फुटबॉलला, कितपत लागू पडतें हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. इंग्लंडचेंच उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, सर्व संघांनीं एकमेकांशीं ठराविक क्रमानें खेळावयाचें व हंगामाच्या शेवटीं गुणांवरून विजेता ठरवावयाचा, ही लीगची पद्धति तेथें १८८८ सालीं १२ क्लबांनीं सुरू केली. तेव्हांपासूनचे निकाल नोंदलेले आहेत. त्यामुळें पैशानें चुरस वाढली कीं घटली, हा वाद केवळ आवडीनिवडीचा राहत नाहीं. त्याचा पुरावा तपासतां येतो.

इप्स्विच या गांवच्या क्लबाची हकीकत पाहावी. १९६१ सालीं हा क्लब दुसऱ्या वर्गांतून प्रथमच पहिल्या वर्गांत चढला. आल्फ रॅम्झे हे त्याचे व्यवस्थापक. पुढें १९६६ सालीं इंग्लंडला विश्वचषक मिळवून देणारे ते हेच. पहिल्या वर्गांतील २२ क्लबांत हा नवखा क्लब तग धरील कीं नाहीं अशी शंका असतां १९६२ सालीं तो चक्क विजेता ठरला. आतां ६२ वर्षांनंतरची गोष्ट. २०२४ सालीं तो पुन्हां वरच्या वर्गांत आला. नवे खेळाडू विकत घेण्यांत त्यानें हात आखडता घेतला नव्हता. तरी ३८ सामन्यांपैकीं अवघे ४ जिंकून व २२ गुण मिळवून २०२५ सालीं तो परत खालीं गेला. त्याच्याबरोबर चढलेले लेस्टर व साउदॅम्प्टन हे क्लबहि त्याच्याबरोबरच उतरले. त्याच्या आदल्या हंगामांत नव्यानें आलेले बर्न्ली, शेफील्ड युनायटेड व ल्यूटन हे तिघेहि असेच एका वर्षांत परतले होते. एखादा क्लब पडला तर त्याला दोष द्यावा. पण लागोपाठ दोन वर्षें साऱ्याच नवागतांची तीच गत व्हावी, तेव्हां जिन्याच्या पायऱ्याच तपासून पाहणें भाग पडतें.

शिखरावरची स्थितिहि याहून निराळी नाहीं. १९६० ते १९६९ या १० हंगामांत विजेतेपद ८ निरनिराळ्या क्लबांकडे गेलें: बर्न्ली, टॉटनहॅम, इप्स्विच, एव्हर्टन, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, मँचेस्टर सिटी व लीड्स. यांतील बर्न्ली हें कापडगिरण्यांचें एक लहानसें गांव. याच्याशेजारीं १९९२ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर लीगचा ताळेबंद ठेवावा. १९९३ ते २०२५ या ३३ हंगामांत मिळून विजेते केवळ ७. आणि त्या ३३ पैकीं ३१ विजेतेपदें मँचेस्टर युनायटेड, मँचेस्टर सिटी, चेल्सी, आर्सेनल व लिव्हरपूल या पांच क्लबांच्या घरांत. उरलेल्या दोहोंपैकीं १९९५ सालचा विजेता ब्लॅकबर्न हाहि जॅक वॉकर या पोलादाच्या व्यापाऱ्याच्या संपत्तीवर वर आलेला. खऱ्या अर्थानें अनपेक्षित म्हणावा असा विजेता एकच, २०१६ सालचा लेस्टर.

पूर्वींची स्थिति अशी कां होती, याचें कारण खेळाडूंच्या सद्गुणांत शोधण्याची गरज नाहीं. तें नियमांत होतें. १९०१ सालीं खेळाडूच्या वेतनावर आठवड्याला ४ पौंड अशी मर्यादा घालण्यांत आली, आणि ती वाढत वाढत १९६१ सालीं उठली तेव्हां २० पौंडांवर आलेली होती. लंडनच्या क्लबाला बर्न्लीपेक्षां अधिक वेतन देतां येत नसे. मग उत्तम खेळाडूनें बर्न्ली सोडावें कशाला? शिवाय मैदानावरील तिकिटांच्या उत्पन्नाचा कांहीं भाग पाहुण्या संघाला द्यावा लागे. ज्याच्या दारीं पन्नास हजारांची गर्दी जमे, त्याच्या मिळकतींतून लहान गांवच्या क्लबालाहि चार पैसे मिळत. सामना एकट्यानें होत नाहीं, तो दोघांची मिळून निर्मिति आहे, हा साधा न्याय त्या व्यवस्थेंत मान्य केलेला होता.

तथापि गतकाळाचे गोडवे गाणाऱ्यांनीं येथें थोडें थांबावें. ही समता क्लबांना स्वस्तांत मिळाली होती. तिचें मोल खेळाडूंनीं चुकतें केलें होतें. करार संपला तरी जुना क्लब सोडीना, तोंवर खेळाडूला दुसरीकडे जातां येत नसे. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमनें याविरुद्ध न्यायालयाचें दार ठोठावलें, आणि १९६३ सालीं न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं ही पद्धति व्यवसायस्वातंत्र्यावरील गैरवाजवी बंधन असल्याचा निर्णय दिला. त्यापूर्वीं दोन वर्षें, जिमी हिल यांच्या नेतृत्वाखालीं खेळाडूंनीं संपाची नोटीस दिल्यावर वेतनमर्यादा गेली होती. ज्यांच्या पायांवर हा सारा डोलारा उभा, त्यांना गिरणीकामगाराच्या वेतनावर बांधून ठेवून मिळणारी चुरस कोणत्याहि न्यायी माणसाला गोड लागणार नाहीं.

आणखीहि एक गोष्ट प्रांजळपणें मान्य केली पाहिजे. एकाच क्लबाचें वर्चस्व हें कांहीं दूरचित्रवाणीच्या पैशाचें अपत्य नव्हे. १९७३ ते १९९० या १८ हंगामांत लिव्हरपूलनें ११ वेळां विजेतेपद मिळविलें. पण त्या काळाचा बारकाईनें विचार करतां एक फरक लक्षांत येतो. लिव्हरपूल बलाढ्य होता, तरी इतरांना वाट बंद नव्हती. नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा क्लब ब्रायन क्लफ यांच्या हाताखालीं १९७७ सालीं दुसऱ्या वर्गांतून वर आला, १९७८ सालीं इंग्लंडचा विजेता झाला, आणि १९७९ व १९८० सालीं त्यानें युरोपियन कपहि जिंकला. वॉटफर्ड १९८२ सालीं प्रथमच वर चढला व पहिल्याच हंगामांत लिव्हरपूलच्या खालोखाल दुसरा आला. बलवंत असणें निराळें आणि वाट अडवून बसणें निराळें.

वाट अडली ती एका रात्रींत नव्हे. १९८३ सालीं तिकिटांच्या उत्पन्नांतील पाहुण्यांचा वांटा बंद होऊन यजमान क्लब सर्व मिळकत स्वतः ठेवूं लागले. १९९२ सालीं वरच्या वर्गानें जुन्या लीगशीं फारकत घेतली व दूरचित्रवाणीचा पैसा खालच्या वर्गांशीं वांटून घेण्याचें बंधन झुगारलें. त्या वेळचा करार ५ वर्षांना ३० कोटी ४० लाख पौंडांचा होता. २०२५ पासूनचा देशांतर्गत करार ४ वर्षांना ६७० कोटी पौंडांचा आहे. १९९५ सालीं बॉस्मन खटल्याच्या निकालानें करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. हें न्यायाचेंच झालें, पण त्याचा लाभ अधिक वेतन देऊं शकणाऱ्यांना अधिक झाला. पुढें २००३ सालीं रशियन धनिक अब्रामोविच यांनीं चेल्सी व २००८ सालीं अबूधाबीच्या शेख मन्सूर यांनीं मँचेस्टर सिटी विकत घेतला. चेल्सी ५० वर्षांनीं २००५ सालीं, आणि सिटी ४४ वर्षांनीं २०१२ सालीं विजेता झाला. आणि २०१८ ते २०२४ या ७ हंगामांपैकीं ६ सिटीनें जिंकले.

यावर नव्या व्यवस्थेचे कैवारी म्हणतात कीं, पैशानें खेळ सुधारला. हें खोटें नाहीं. १९८९ सालच्या हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीनें ९७ जीव घेतले; त्यानंतर मैदानें सुरक्षित झालीं, त्याला पैसा लागला. जगांतील उत्तमोत्तम खेळाडू इंग्लंडांत आले आणि खेळाचा वेग व कसब हीं वाढलीं. शिवाय प्रीमियर लीगमध्यें देशांतर्गत प्रक्षेपणाच्या पैशांतील निम्मा भाग सर्व क्लबांना समान वांटला जातो, त्यामुळें मधल्या फळींतला क्लब एखाद्या दिवशीं बलाढ्याला नमवूं शकतो, हेंहि खरें. पण यांतूनच आमचा मुद्दा सिद्ध होतो. वांटणी जेथपर्यंत पोहोंचते तेथपर्यंत चुरस टिकते. ती जेथें थांबते तेथें भिंत उभी राहते. आज ती भिंत पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या मध्यें आहे. जर्मनींत क्लबांचें नियंत्रण सामान्यतः सभासदांच्या हातीं राहावें असा नियम आहे, तरी बायर्न म्यूनिकनें २०१३ पासून २०२३ पर्यंत सलग ११ वेळां विजेतेपद मिळविलें. तेव्हां मालक कोण एवढाच प्रश्न नाहीं. मिळकत कोणाकोणांत वांटली जाते, हा खरा प्रश्न आहे.

खर्चावर लगाम घालणारे नियम इंग्लंडांतहि झाले आहेत, आणि २०२३-२४ च्या हंगामांत एव्हर्टन व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण त्यांखालीं कापण्यांत आले. परंतु मिळकतीच्या मानानेंच खर्च करावा असें सांगणारा नियम ज्याची मिळकत आधींच अफाट आहे त्याच्या पथ्यावर पडतो. दिवाळें टाळण्यास तो उपयोगी असेल. जोड लावण्यास नव्हे.

मग लेस्टरचें काय? १-० असें एकेका गोलानें सामने जिंकीत तो २०१६ सालीं विजेता झाला, तेव्हां हंगामाच्या आरंभीं त्याच्यावर एकास ५००० असा भाव होता. ही कथा नेहमीं नव्या व्यवस्थेच्या बचावासाठीं सांगितली जाते. पण ती अर्ध्यावर सोडूं नये. त्या संघाचा आधारस्तंभ कान्ते त्याच उन्हाळ्यांत चेल्सीकडे गेला, व पुढल्या वर्षीं चेल्सी विजेता झाला. महरेझ २०१८ सालीं मँचेस्टर सिटीकडे गेला. लेस्टर २०२३ सालीं खालच्या वर्गांत गेला, २०२४ सालीं परत आला, आणि २०२५ सालीं पुन्हां गेला. लहानाला एकदां जिंकतां येतें. जिंकलेलें घरांत ठेवतां येत नाहीं.

या विचारसरणीचें टोंक २०२१ च्या एप्रिलांत दिसलें. युरोपांतील १२ धनाढ्य क्लबांनीं, त्यांत इंग्लंडचे ६, 'सुपर लीग' जाहीर केली. संस्थापकांनीं त्यांत कायमचें राहावयाचें, खेळांत हरले तरी खालीं यावयाचें नाहीं, अशी ती योजना. इंग्लंडांत त्या क्लबांचेच चाहते मैदानांबाहेर जमले, आणि तीन दिवसांच्या आंत ६ हि इंग्रज क्लबांनीं माघार घेतली. आपल्या क्लबाचें विजेतेपद कायमचें सुरक्षित झालें असतें तरी तें त्या चाहत्यांना नको होतें. त्यांना हरण्याचा धोका हवा होता, कारण त्यावांचून जिंकण्याला अर्थ उरत नाहीं. मालकांना जें उमगलें नाहीं तें तिकीट काढणाऱ्यांना उमगलें होतें.

२०२५ च्या जुलैमध्यें इंग्लंडांत फुटबॉलच्या कारभाराविषयीं कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद झाली. वरच्या व खालच्या वर्गांत पैशाच्या वांटणीचा तंटा मिटेना, तर त्यांत हात घालण्याचा अधिकारहि त्याला मिळाला आहे. हा अधिकार कागदावरच राहतो कीं वापरला जातो, यावर पुष्कळ अवलंबून राहील. खेळाडूंना पुन्हां २० पौंडांवर बांधण्याची कोणाची इच्छा नाहीं, आणि नसावी. जुन्या व्यवस्थेनें समता राखली ती खेळाडूंच्या ताटांतलें काढून. नवीनें स्वातंत्र्य दिलें, पण पाहुण्याचा वांटा बुडविला. खेळाडूला त्याचें मोल आणि पाहुण्याला त्याचा वांटा, हीं दोन्ही एकत्र नांदविणें अशक्य नाहीं. तेथील श्रीमंतांनीं तें अद्याप मनावर घेतलेलें नाहीं इतकेंच.

इप्स्विचमध्यें १९६२ सालीं बापाचें बोट धरून मैदानावर गेलेला मुलगा आज सत्तरीच्या घरांत असेल. आपल्या नातवाला तो त्या वर्षाची गोष्ट सांगत असेल, तर ती पुन्हां घडेल असें मात्र त्याला खात्रीनें सांगतां येणार नाहीं. फडांत गडी चांगला आहे, माती चांगली आहे, बक्षिसहि पूर्वीं कधीं नव्हतें एवढें मोठें आहे. उणीव आहे ती जोड लावणाऱ्याची.