मिटलेला डोळा : एका ग्रीक मृत्पात्रावरील कथन

ग्रीक चित्रित मृत्पात्रांच्या विवेचनात, पात्रावरील चित्र म्हणजे काव्यातील प्रसंगाचे दृश्य रूपांतर होय, असे बहुधा गृहीत धरले जाते. त्यामुळे संहितेशी जुळणारा तपशील ‘अचूक’, तर न जुळणारा ‘स्वैर’ ठरतो. ब्रिटिश म्यूझियममधील ‘सायरेन स्टॅम्नॉस’ या पात्रापुढे ही श्रेणीव्यवस्था टिकत नाही. इ.स.पू. सुमारे ४८०–४७० मध्ये अथेन्समध्ये घडलेले हे रक्ताकृती शैलीचे पात्र इटलीतील व्हल्ची येथे सापडले.

‘ओडिसी’च्या बाराव्या सर्गातील सायरेन म्हणजे निव्वळ स्वर आहे. होमर त्यांच्या देहाचे वर्णन करीत नाही. संस्कृतप्रमाणे ग्रीकमध्येही असलेल्या द्विवचनावरून त्या दोन आहेत, एवढेच कळते. नौका निघून गेल्यावर त्यांचे काय झाले, याविषयी काव्य मौन पाळते. चित्रकाराला स्वर रंगविता येत नाही. त्याने ग्रीक कलेत आधीच रूढ असलेला, स्त्रीमुख आणि पक्षिदेह असा आकार स्वीकारला. दोन सायरेन कड्यांवर बसविल्या. तिसरी मात्र उलटी होऊन खाली कोसळते आहे. ती नौकेवर झेप घेते आहे, असे म्हणता आले असते. पण तिचा डोळा मिटलेला आहे. ही झेप नव्हे, मृत्यू आहे.

पराभूत सायरेनच्या आत्मनाशाची कथा लिखित स्वरूपात पुढे हेलेनिस्टिक काळात, लायकोफ्रॉनच्या नावावरील ‘अलेक्झांड्रा’ या काव्यात आढळते. चित्रकारापुढे एखादे लुप्त काव्य असणे अशक्य नाही. तथापि त्यामुळे आधाराचा प्रश्न सुटला, तरी रचनेचा सुटत नाही. डोलकाठीला बांधलेला ओडिसिअस मान मागे टाकून अजून ऐकतोच आहे. गीत संपलेले नाही, आणि त्याचा परिणाम मात्र घडून गेला आहे. चित्रकलेच्या वाट्याला एकच क्षण येतो, हे लेसिंगने १७६६ मध्ये ‘लाओकून’मध्ये मांडलेले तत्त्व येथे अपुरे पडते. पात्राच्या एकाच पृष्ठावर दोन काळ सहज नांदतात.

या सहअस्तित्वातून अर्थही पालटतो. काव्यात संकट श्रोत्यावर आहे. चित्रात गाणारीच्या जीवावर बेतले आहे. जो ऐकूनही वाचला, त्याच्यामुळे गीताचे प्रयोजनच नष्ट झाले. हा अर्थ होमरच्या ओळींत नाही. तो चित्राने केलेला आहे. म्हणून अशा पात्रांकडे काव्याची सजावट म्हणून न पाहता, त्याच कथेचे स्वतंत्र आणि प्रसंगी विरोधी वाचन म्हणून पाहणे अगत्याचे ठरते.