दृश्याला लागणारा वेळ

२०२५च्या जुलै महिन्यात आठवड्याभराच्या अंतराने दोन मोठे रंगकर्मी गेले. २३ तारखेला इंफाळमध्ये रतन थिय्याम आणि ३१ तारखेला अमेरिकेत रॉबर्ट विल्सन. दोघांच्या नाटकात प्रेक्षकाला आधी भेटायचं ते दृश्य. शब्द मागून यायचे, काही वेळा यायचेच नाहीत. विल्सनचं ‘डेफमॅन ग्लान्स’ तर कित्येक तास चालणारं मूक नाटक होतं. त्याच महिन्यात मीरा रोड मराठीच्या प्रश्नावरून निघालेल्या मोर्चांमुळे देशभर गाजत होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मीरा-भाईंदरमधल्या रंगभूमीचा विचार करू लागलं की त्या एकमेकींशेजारी येऊन बसतात. एकाच इमारतीत मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी बोलणारी बिऱ्हाडं, उत्तनच्या किनाऱ्यावर कोळी वस्ती, २०११च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेलेली लोकसंख्या. अशा शहरात शब्दांवर कमी आणि दृश्यावर जास्त उभं राहणारं प्रायोगिक नाटक हा सोयीचा मार्ग आहे, असं कुणालाही वाटेल. मला ही कल्पना अपुरी वाटते. दृश्यप्रधान नाटक इथे हवंच आहे, पण भाषेला वळसा घालण्याची युक्ती म्हणून नको. मराठी प्रायोगिक रंगभूमीवर दृश्याची परंपरा नटांच्या शरीरातून आणि तालमीच्या तासांतून घडली आहे. आज ती क्षीण झालेली दिसते, त्याचं मुख्य कारण कल्पनेची किंवा पैशाची टंचाई नसून रंगमंचावर मिळणाऱ्या वेळेची टंचाई आहे.

पुरावा ‘घाशीराम कोतवाल’पासूनच घ्यावा लागतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात, राज्य नाट्य स्पर्धेत, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने (पीडीए) या नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्यातली बारा ब्राह्मणांची रांग हे मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत प्रभावी दृश्यांपैकी एक आहे, आणि तिला कापड, लाकूड, रंग यांपैकी काहीच लागत नाही. माणसं तोंड फिरवून पाठ करतात, की भिंत होते. तीच माणसं वळली, की पुण्यातले नागरिक होतात, नाचतात, भजन म्हणतात, साक्षीदार होतात. या भिंतीची जादू तिच्या कौशल्यात आहे असं सांगितलं जातं, ते खरंच आहे. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांच्याशिवाय ती उभी राहिली नसती. पण ती टिकली ती तिच्या आत असलेल्या न्यायनिवाड्यामुळे. जी माणसं अत्याचार झाकतात तीच पुढे येऊन भक्तीचं गातात, तीच घाशीरामाचा बळी घेतात. गर्दी कशी सामील होते हे नाटककार विजय तेंडुलकरांना सांगायचं होतं. ते एकही पात्र बोलून दाखवत नाही, रांग वळते तेव्हा प्रेक्षकाला कळतं. या दृश्याला मी नाटकातला विचार म्हणेन. ते काढून टाकलं तर नाटकाची सजावट कमी होणार नाही, नाटकाचं म्हणणंच निघून जाईल. दृश्यप्रधान नाटकाची परीक्षा घ्यायची ती याच कसोटीवर.

त्याआधी मराठी नाटकात दृश्य नव्हतं असं नाही. संगीत नाटकाच्या काळात रंगवलेले पडदे हा प्रेक्षकांच्या औत्सुक्याचा भाग होता. बाबूराव पेंटरांसारखे कलावंत कोल्हापुरात पडदे रंगवत होते, ललितकलादर्शच्या नेपथ्याची वाहवा नटांइतकीच होई. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने पडद्यांच्या जागी खरी वाटणारी खोली आणली. तिथून पुढे मध्यमवर्गीय दिवाणखाना मराठी रंगमंचावर इतका पक्का बसला, की आजही व्यावसायिक नाटकाचा पडदा वर गेल्यावर बहुतेक वेळा सोफाच दिसतो. ही चौकट मोडली ती जागेच्या अडचणीने. आविष्कार या संस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. तिथे वर उचलले जाणारे पडदे नव्हते, खोल विंगा नव्हत्या, प्रेक्षक हाताच्या अंतरावर होता. सेट लावायला साधन नसल्यावर नटाच्या देहालाच घर, रस्ता, नदी, जमाव व्हावं लागलं. त्याच वर्षी सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ने मेलेल्या माणसाला कीर्तनकार करून उभं केलं आणि कीर्तनाच्या आकृतिबंधातून अंत्यविधीचं दृश्य रचलं. विजया मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ बेनेविट्झ यांच्या साथीने ब्रेख्तचं नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या रूपात केलं, तेही त्याच सुमारास. ही सगळी कामं स्वस्तात झाली असं म्हणण्याचा मोह होतो, पण ते अर्धंच खरं आहे. पैसा कमी लागला, पण तास प्रचंड लागले. नोकऱ्या सांभाळून संध्याकाळी जमणारी मंडळी महिनोन्‌महिने तालमी करत होती. बारा माणसांनी एका ठेक्यावर एकाच क्षणी वळायचं, तर ते त्या वेळातूनच येतं.

दृश्य आणि देखावा यांतला फरक दोन हत्तींवरून सांगता येतो. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘जाणता राजा’त खुल्या मैदानावर शेकडो कलावंत, घोडे आणि हत्ती येत. १९८५ पासून लाखो प्रेक्षकांनी तो भव्य सोहळा पाहिला, आणि त्याचा आनंद खोटा नव्हता. खरा हत्ती समोर आला की माणूस थक्क होतोच. पुण्याच्या आसक्त या संस्थेसाठी मोहित टाकळकरांनी जुझे सारामागोच्या कादंबरीवरून हिंदीत ‘गजब कहानी’ केलं. लिस्बनहून व्हिएन्नापर्यंत चालवत नेलेल्या सॉलोमन नावाच्या हत्तीची ती गोष्ट. त्यात हत्ती होतात गीतांजली कुलकर्णी. तिथे प्रेक्षकाला थक्क होऊन थांबता येत नाही, नटीच्या चालीत, थांबण्यात आणि जडपणात हत्ती शोधावा लागतो. एकदा तो सापडला की राजांच्या भेटवस्तूंच्या राजकारणात एका मुक्या जिवाची झालेली फरफट अंगावर येते, कारण ज्याला आपण हत्ती मानलं ते आपल्यासारखंच माणूस आहे हे नजरेआड होत नाही. मैदानावरचा खरा हत्ती हे करू शकत नाही. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत हत्तीच असतो.

आज प्रश्न आहे तो एलईडी पडद्याचा. गेल्या काही वर्षांत रंगमंचाच्या मागच्या भिंतीवर चमकणारी चलचित्रं व्यावसायिक नाटकांत रुळली आणि प्रायोगिक म्हणवणाऱ्या नाटकांतही आली. पाऊस हवा तर पाऊस, किल्ला हवा तर किल्ला, बटणावर बदलतो. याला विरोध करणं म्हणजे जुन्याला कवटाळणं आहे, असा आक्षेप येतो, आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. यंत्र वाईट नाही. विल्सनचं नाटक प्रकाशयंत्रणेशिवाय अशक्य होतं, आणि एकेका प्रकाशबदलावर तो रंगमंचावर अमाप तास खर्च करत असे. पडद्यावरचं चित्र आणि समोरचा नट यांच्यात देवाणघेवाण असेल, चित्रामुळे नटाला काही वेगळं करावं लागत असेल, तर तो पडदा नाटकाचा भाग आहे. पण बहुतेक ठिकाणी पडदा फक्त स्थळ सांगतो. नट त्याच्याकडे पाठ करून पूर्वीसारखेच संवाद म्हणतात, आणि प्रकाशयोजनाकाराला मागच्या झगमगाटाशी भांडत नटांचे चेहरे वाचवावे लागतात. घाशीरामाची भिंत प्रेक्षकासमोर रूपांतरित होते. पडद्यावरचं चित्र नुसतं बदलतं. रंगवलेल्या पडद्यांचा काळ विजेवर परत आला आहे, इतकाच याचा अर्थ.

एकांकिका स्पर्धांनी या स्थितीत भर घातली आहे, आणि हे मी त्यांच्याबद्दल आदर ठेवून म्हणतो. पुरुषोत्तम करंडकापासून लोकांकिकेपर्यंतच्या स्पर्धांनी महाराष्ट्राला दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ दिले. मिनिटांच्या हिशेबात सेट लावून काढायची शिस्तही त्यांनीच लावली. पण परीक्षकांच्या लक्षात राहायचं तर शेवटच्या पाच मिनिटांत एक चमत्कृती हवी, ही सवयही तिथेच लागते. कापड झपकन उलगडतं, धूर येतो, ब्लॅकआऊट होतो, टाळ्या पडतात. मात्र याच वाटेने आलेलं प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ वेगळं ठरलं. ते २०१७ साली भद्रकालीने व्यावसायिक रंगभूमीवर आणलं, त्यामुळे त्याला प्रायोगिक म्हणावं का यावर वाद होऊ शकेल, पण दृश्याच्या बाबतीत ते अनेक प्रायोगिक नाटकांपेक्षा धीट आहे. प्रदीप मुळ्यांनी देहूचं घर आणि इंद्रायणीचा काठ एकाच नेपथ्यात बसवला. त्याहून महत्त्वाचं हे की तुकारामांच्या बायकोच्या, आवलीच्या पायात काटा रुतलेला आहे. त्यामुळे एक बाई अडकलेली आणि दुसरी तिची सेवा करत फिरणारी, ही मांडणी कथेतूनच येते. देवाची बायको वावरते आणि संताची बायको अडून बसते, यातलं नातं डोळ्यांना आधी कळतं, अभंग आणि संवाद त्यावर चढत जातात. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’त तर एका पगडीवर सगळं नाटक तोललेलं होतं. ती कुणाच्या डोक्याला बसते हा शोधच त्याचं राजकारण झाला.

मराठी रंगभूमी ही लेखकाची रंगभूमी आहे, दृश्याला मान दिला की शब्द मागे पडेल, अशी भीती जाणकारांतही आहे. पण वरच्या उदाहरणांत दृश्य लेखकाकडूनच आलं आहे. बारा जणांची रांग तेंडुलकरांच्या संहितेत आहे, काटा आणि पगडी त्या त्या नाटककारांच्या कल्पनेत आहेत. शब्द दुबळा झाला तर दोष दृश्याचा नसतो. उलट टाकळकरांनीच ‘हुंकारो’त हालचाल जवळपास थांबवून मारवाडीसारख्या भाषांमधल्या कथनावर सगळा भार टाकला. प्रेक्षक अंधुक उजेडात बसलेल्या नटांचे आवाज ऐकतो आणि दृश्य आपल्या मनात रचतो. दृश्याचा इतका अभ्यास असलेला दिग्दर्शकच ते इतकं कमी करू धजतो. भाईंदरच्या मारवाडी घरांतल्या माणसांना ते नाटक त्यांच्या भाषेच्या नादासकट ऐकायला मिळालं, तर मराठी दिग्दर्शकाचं काम त्यांच्यापर्यंत जाईल, आणि त्यासाठी कुणालाही आपली भाषा गिळावी लागणार नाही.

दृश्य भाषेपलीकडचं असतं या समजुतीला इथेच उत्तर आहे. थिय्यामची नाटकं मैतेई भाषेत होती. ती न समजणाऱ्या प्रेक्षकांनी ती जगभर पाहिली, पण ‘चक्रव्यूह’ कुठल्याही भाषेत तसंच राहिलं असतं असं म्हणता येणार नाही. त्या उच्चारांची लय, मणिपुरी युद्धकला, ढोलाचा ठेका यांच्याविना त्यातली दृश्यं उभीच राहिली नसती. घाशीरामाची भिंतही मराठी भजनाच्या ठेक्यावर डोलते. म्हणून मीरा-भाईंदरसाठी गुळगुळीत, कुणालाही न टोचणारं, शब्द गाळलेलं नाटक बनवावं हा विचार मला पटत नाही. मराठी ठसठशीत ठेवून, पण डोळ्यांना पुरेसं काम देऊन नाटक केलं, तर शेजारचा गुजराती किंवा हिंदीभाषक प्रेक्षक त्यात शिरू शकतो. शिरल्यावर भाषा त्याच्या कानावर पडतच राहते.

असलं नाटक सामान्य प्रेक्षकाला झेपत नाही, हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी टिकतो. मीरा-भाईंदरपासून फार लांब नसलेल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांत बोहाड्याचे मुखवटे मशालींच्या उजेडात रात्र रात्र नाचतात. तिथल्या प्रेक्षकाला मुखवटा कुणाचा आहे हे चालीवरून कळतं. कोकणातल्या दशावताराचा प्रेक्षकही हेच करतो. दृश्य वाचायची सवय या मुलखात नवी नाही. जिथे प्रेक्षक गोंधळतो, तिथे बहुधा दृश्य शेवटपर्यंत नेलेलं नसतं. तालमीत सुचलेली कल्पना तशीच प्रयोगात आलेली असते. हे पुन्हा वेळेपाशीच येतं.

थिय्यामने १९७६ साली कोरस रेपर्टरी थिएटर स्थापन केलं आणि इंफाळच्या वेशीवर नटमंडळींसह तिथेच राहून काम केलं. विल्सनने १९९२ साली वॉटरमिल केंद्र उभं केलं. दोघांनी आपल्या नाटकासाठी आधी जागा आणि अवधी मिळवला. आपल्याकडे नाट्यगृह सत्रांच्या हिशेबाने मिळतं. दुपारचं नाटक संपतं, रंगमंच कामगार सेट काढतात, तासा-दोन तासांत रात्रीच्या नाटकाचा सेट उभा राहतो, आणि प्रकाशयोजनाकाराला फोकस करायला जेमतेम अर्धा तास उरतो. व्यावसायिक नाटक तेच नेपथ्य शेकडो प्रयोगांत वापरून हे निभावतं. पाच-दहा प्रयोगांचं प्रायोगिक नाटक मोठ्या रंगमंचावर आपलं दृश्य पहिल्यांदा पाहतं ते थेट प्रेक्षकांसमोर. मग पडद्यावरचं तयार चित्र सोपं वाटलं तर नवल काय! संस्थांनी तालमीच्या खोल्यांत जास्त घाम गाळावा, असं म्हणणं सोपं आहे. पण अंतर, उजेड आणि उंची या तीन गोष्टी खोलीत तपासता येत नाहीत.

मीरा-भाईंदरकरांना पूर्वी नाटकासाठी बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह नाहीतर ठाण्याचं गडकरी रंगायतन गाठावं लागायचं. २०२२ साली काशीमीऱ्यात महामार्गालगत लता मंगेशकरांच्या नावाचं महापालिकेचं नाट्यगृह सुरू झालं, ही मोठी गोष्ट आहे. शनिवार-रविवारी तिथे व्यावसायिक नाटकं आणि कार्यक्रम लागावेत, त्याशिवाय नाट्यगृह चालणार नाही. पण आठवड्याच्या मधल्या दिवसांत मराठी नाटकाला प्रेक्षक मिळत नाही, हे राज्यातल्या सगळ्या व्यवस्थापकांना ठाऊक आहे. त्या दिवसांतले सलग तीन दिवस दर महिन्याला एका प्रायोगिक संस्थेला द्यावेत; रंगमंच, दिवे आणि ते हाताळणारा तंत्रज्ञ यांच्यासकट, नाममात्र भाड्यात. निवड करताना संस्थेची प्रसिद्धी न पाहता तिला या तीन दिवसांत नेमकं काय घडवून पाहायचं आहे हे विचारावं. मोबदला म्हणून तिसऱ्या दिवसाची रंगीत तालीम शहरातल्या कुणालाही विनातिकीट पाहू द्यावी. पालिकेच्या मराठी, हिंदी, गुजराती शाळांतल्या मुलांना आधी बोलवावं, आणि तालीम संपल्यावर त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या भाषेत दिग्दर्शकाला सांगावं. याला नवी इमारत लागत नाही, फार मोठी तरतूदही लागत नाही. नाट्यगृहाच्या तारखा वाटण्याचा नियम तेवढा बदलावा लागेल.