कॅमेरा हाती आला, पटकथेचे काय?

धाराशिव जिल्ह्यात आज चित्रपट करायला यंत्राची अडचण राहिलेली नाही. बऱ्यापैकी मोबाईल, कॉलर माइक आणि एडिटिंगचे ॲप एवढ्या भांडवलावर कॉलेजची मुले शूटिंगला निघतात. कोणाच्या ओळखीत ड्रोन असला तर नळदुर्गचे नर-मादी धबधबेही वरून टिपले जातात आणि चित्र खरोखर देखणे येते. मग पात्रे बोलायला लागतात आणि लघुपट खाली बसतो. दुष्काळ, कर्ज, बापाची आत्महत्या हे विषय या मातीतले आहेत, मुलांचा कळवळाही खरा आहे. पडद्यावर मात्र तोच झाडाला बांधलेला दोर, तीच आभाळाकडे लागलेली नजर आणि तीच बासरी. ज्याने स्वतःच्या बापाला बँकेच्या पायरीवर ताटकळताना पाहिले, तोही दुसऱ्याच कोणाच्या चित्रपटातला बाप लिहून काढतो. आपल्याकडचे चित्रपटशिक्षण नेमके इथे कमी पडते, असे माझे मत आहे.

शिक्षणाच्या सोयी नाहीत असे नाही, त्या विखुरलेल्या आहेत. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. इन्स्टिट्यूटमधल्या मोजक्या जागांसाठी सगळा देश रांगेत असतो. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर 1986 पासून आहे. तिथे ग्रामीण विकास शिकवला जातो, पण याच संस्थेचा माध्यम आणि चित्रपटाचा नावाजलेला विभाग मुंबईत देवनारला आहे. छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, एमजीएम विद्यापीठात चित्रपटकला शिकवतात आणि अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे दर्जेदार चित्रपट मराठवाड्यात बसून पाहता येतात. ही मोठी सोय आहे. उमरगा किंवा भूम-परंड्याच्या मुलासाठी मात्र तीसुद्धा खोलीभाडे आणि मेसच्या पलीकडची असते.

नाटकाची परंपरा आपल्याकडे भक्कम आहे. तेव्हाच्या औरंगाबादेत उभी राहिलेली ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था पुढे मुंबईच्या रंगभूमीवर गाजली. 2017 साली जयंत सावरकरांच्या अध्यक्षतेखाली नाट्यसंमेलनही धाराशिवला झाले. या परंपरेने मुलांचा कान तयार केला, आणि तोच कान चित्रपटात आडवा येतो. एकांकिकेत वाढलेला मुलगा पटकथा लिहायला बसला की आधी संवाद लिहितो. आई दुःखी आहे हे आई स्वतः सांगते, शेजारीण सांगते, शेवटी गाणेही सांगते. ती चुलीपुढे काय करते, हे कागदावर येतच नाही.

विद्यापीठीय शिक्षणातून काय घडू शकते, याचे उदाहरण फार लांब नाही. परंड्याला लागून करमाळा तालुका. तिथल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी मराठीत एम.ए. केले आणि नंतर नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकले. त्या अभ्यासक्रमातून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट झाला आणि त्याला पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढचे ‘फँड्री’ (2013) आणि ‘सैराट’ (2016) सगळ्यांना माहीत आहेत. गुणी माणूस कुठेही गुणीच असतो, हे मान्य. पण जिल्ह्याच्या गावातल्या साध्या कॉलेजने त्याला आपल्याच वस्तीतल्या मुलाची गोष्ट परीक्षेचे काम म्हणून करू दिली, ही गोष्ट मला पुरस्काराहून मोलाची वाटते.

पटकथा शिकवायची तर सुरुवात कळंब तालुक्यातून करता येईल. हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा पाठ्यपुस्तकामुळे घरोघरी पोचली आहे. शाळकरी मुलगा, बाजार, कोसळलेला भाव आणि शेवटी बापाने स्वतःच पिकवलेले टोमॅटो पायाखाली तुडवणे. वर्गात ही कथा द्यावी आणि अट घालावी, की पहिल्या दहा मिनिटांत ‘भाव पडला’ हे वाक्य कोणीही उच्चारायचे नाही. मग मुलांना शोधावे लागेल. गिऱ्हाईक पाटीपाशी वाकते, एक टोमॅटो दाबून बघते आणि तसाच ठेवून पुढे जाते. मुलाची आरोळी सकाळी खणखणीत आहे, दुपारी तिची धार गेली आहे. शेजारचा विक्रेता गोणपाट झटकायला लागला आहे. बाप नोटा मोजत नाही, चिल्लर मोजतो. कॅमेरा मुलाच्या उंचीवर ठेवायचा की बापाच्या, हा प्रश्न इथे येतो आणि त्याच्या उत्तराने सगळा चित्रपट बदलतो. मुलाच्या उंचीवरून शेवटी आधी बापाचे पाय दिसतील, चेहरा मागाहून. हा धडा कोणत्याही परदेशी पुस्तकातल्या तीन अंकांच्या आराखड्याआधी व्हायला हवा.

चित्रपटाच्या इतिहासाची अवस्था याहून वाईट आहे. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’, 1936 चा ‘संत तुकाराम’, व्हेनिस महोत्सवातला गौरव अशी यादी पाठ होते. ‘संत तुकाराम’ची पटकथा शिवराम वाशीकरांची, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. शिवाय हा इतिहास कोल्हापूर, पुणे आणि मुंबईचा. ‘प्रभात’च्या भरभराटीच्या काळात धाराशिव निजामाच्या राज्यात होते आणि सप्टेंबर 1948 पर्यंत तिथेच राहिले. तेव्हा इथले लोक कोणते चित्रपट, कोणत्या भाषेत, कोणाच्या तंबूत पाहत होते? महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो 2016 साली कान महोत्सवात दाखवला गेला. आपल्या जिल्ह्यातले जुने ऑपरेटर आणि डोअरकीपर बोलायला आहेत तोवर त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, हा पदव्युत्तर प्रबंधाचा उत्तम विषय आहे.

आणि ‘सामना’ वर्गात दाखवायलाच हवा. विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन असलेला हा चित्रपट साखरेच्या राजकारणाचा आहे. त्यातल्या मारुती कांबळेचे नाव निघताच गाव कसे गप्प होते आणि त्या गप्पपणावर तेंडुलकर प्रसंगामागून प्रसंग कसा रचतात, हे ढोकीच्या तेरणा कारखान्याभोवती वाढलेल्या मुलांना समजावून सांगावे लागणार नाही.

मराठीत वाचायला चांगली पुस्तके आहेत. अरुण खोपकरांचे गुरुदत्तवरचे पुस्तक आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले ‘चलत्-चित्रव्यूह’ ही दोन तरी प्रत्येक कॉलेजच्या ग्रंथालयात असावीत. अडते ते शिकवणाऱ्यापाशी. पटकथा एका व्याख्यानात शिकवता येत नाही. मुलाचा तिसरा, चौथा खर्डा वाचून त्यावर लाल शाई चालवणारा माणूस वर्षभर जागेवर लागतो. तासिका तत्त्वावर नेमलेल्या, पुढच्या वर्षी असेल की नाही हे ठाऊक नसलेल्या शिक्षकाकडून ती अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्रात चित्रपटाचा अभ्यासक्रम उभा करायचा झाला, तर स्टुडिओची निविदा काढण्याआधी पटकथा आणि चित्रपट-इतिहास यांसाठी दोन पूर्णवेळ पदे भरावीत.